हे तुला शोभतं का?

मी पेडगावचा. एवढंच वाक्य मी आयुष्यात जिथं जिथं उच्चारलं आहे, तिथं तिथं समोरच्या माणसानं आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग माझ्या कपड्यांकडे पाहिलं आहे. वेड पांघरून आलाय, की अंगचंच आहे, याचा तो अंदाज घेत असतो. बँकेच्या मुलाखतीत साहेबांनी अर्जातलं गावाचं नाव वाचलं, गालात हसले, आणि पुढचे सगळे प्रश्न अजाण बालकाला विचारावेत तशा मऊ आवाजात विचारले. मी निवडला गेलो तो त्यामुळेच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पूर्वी मी खुलासा करीत असे. म्हणीतलं पेडगाव म्हणून सांगतात ते हे नव्हे. ते भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगड किल्ल्याचं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. परंतु आपण वेडे नाही असा खुलासा करणारा माणूस जास्तच वेडा दिसतो, हे ध्यानात आल्यावर मी तो नाद सोडला. आमचे थोरले काका तर उलट म्हणीवर मालकी सांगत. "किल्ला त्यांचा असेल, म्हण आपली," असं ते पाहुण्यांना ठणकावून सांगायचे.

वय झाल्यावर माणूस म्हणींचा विचार करू लागतो. दुसरं काम नसतं. या म्हणीची गंमत अशी, की तिनं वेडाला थेट कपड्यांच्या खात्यात टाकलं आहे. वेड लागतं ते निराळं. हे पांघरायचं. म्हणजे त्याची घडी करता येते, ते उन्हात वाळत घालता येतं, पाहुणे दारात दिसले की झटकन अंगावर घेता येतं. आता वेड जर पांघरता येत असेल, तर शहाणपणाचं काय? आमच्या शाखेत वरचे साहेब तपासणीला यायचे ते कोट घालून. मे महिन्यात. परभणीत. जिथं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो तिथं गळ्याशी टाय आवळून बसलेल्या त्या माणसाला आम्ही सगळे शहाणा समजत होतो, आणि धोतर-बंडीत घामाचा थेंब न येऊ देता बसलेला खातेदार शिपायाच्या दृष्टीनं अडाणी होता.

हे सगळं आठवायचं कारण मुक्ता. मुक्ता माझ्या चुलतभावाची मुलगी. पुण्याला असते. गेल्या वैशाखात घरात लग्न निघालं. लग्न परभणीच्या मंगल कार्यालयात, पण देवक पेडगावच्या वाड्यातच बसलं पाहिजे, असा आमच्या आत्याचा हट्ट. म्हणून सगळे वाड्यावर जमले, तशी मुक्ताही आली. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, कोणी कोणते कपडे घालावेत ते सांगते.

"कोणाला?"

"कोणालाही. ज्याला त्याला त्याच्या चणीप्रमाणे, वर्णाप्रमाणे, स्वभावाप्रमाणे. त्याचं कपाट त्याला शोभेल असं लावून देते."

"आणि लोक पैसे देतात?"

"तासावर देतात, काका."

आमच्या लहानपणी हे काम वडील फुकट करीत, आणि वर्षातून एकदाच. दिवाळीच्या आधी ते परभणीहून एक तागा आणत. त्यातून आम्हां चार भावांचे सदरे, दोघी बहिणींचे झगे, उरलेल्यातून उशांचे अभ्रे आणि त्यातूनही उरलं तर माजघराच्या खिडकीचा पडदा. १९६३ सालच्या दिवाळीत मी त्या पडद्याला टेकून बसलो असताना आई मला हाका मारीत वाडाभर फिरली होती.

शिंप्याला एकच सूचना असे, "वाढत्या अंगाचं शिवा." हे वाढतं अंग म्हणजे मोठंच तत्त्वज्ञान आहे. सदरा आज मी घालायचा, पण माप दोन वर्षांनंतरच्या माझं. त्या अजून न आलेल्या माणसाच्या बाह्या माझ्या बोटांवरून खाली लोंबत. दोन वर्षांनी तो माणूस येई, तेव्हा सदऱ्याच्या कोपराला भोक पडलेलं असे. चड्ड्या मात्र थोरल्या भावाच्या उतरून येत. म्हणजे कमरेच्या वर मी भविष्यकाळात आणि कमरेखाली भूतकाळात, अशी माझी सगळी शाळा झाली. वर्तमानकाळ माझ्या अंगाला पहिल्यांदा लागला तो बाविसाव्या वर्षी, पहिल्या पगारात शिवलेल्या टेरिकॉटच्या शर्टाच्या रूपानं, आणि त्यानं मला घामोळं आलं. ज्या गावाच्या काळ्या रानातून कापसाच्या गाड्या मानवतच्या बाजारात जायच्या, त्या गावचा मी, टेरिकॉटसाठी जीव टाकत होतो. सगळेच टाकत होते. इस्त्री लागत नाही म्हणायचे. इस्त्री तशीही आमच्याकडे नव्हतीच.

असो. देवकाच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं झाली. ओसरीवर सगळे सुस्तावले होते. मुक्तानं आरसा आणला, खांबाला टेकवला, आणि पिशवीतून रंगीत कापडाचे तुकडे काढले. एका कडीत ओवलेले. एकेकाला समोर बसवून, गळ्याशी तुकडा धरून ती चेहरा पारखू लागली. माझी पाळी आली.

"हात बघू, काका."

मी तळहात पुढं केला.

"भविष्य नाही. नसा."

मनगटावरच्या नसा हिरवट दिसल्या तर कातडीची झाक उबदार, निळसर दिसल्या तर थंड, असं हे शास्त्र आहे. उबदार झाकेच्या माणसानं मोहरी, माती, शेवाळ अशा रंगांत राहावं. थंड झाकेच्यानं निळ्या-जांभळ्यात. माझी एक नस हिरवी निघाली आणि एक निळी. "तुम्ही मधले," मुक्ता म्हणाली. हे मात्र तिनं अचूक ओळखलं. घरातल्या सासू-सुनेच्या तंट्यात मी उभ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतोच.

हे ज्ञान घरोघर नेलं ते म्हणे कॅरोल जॅक्सन या अमेरिकन बाईंनी, 'कलर मी ब्यूटिफुल' या १९८० सालच्या पुस्तकातून. त्यांनी माणसांची चार ऋतूंत वाटणी केली. कोणी वसंत, कोणी ग्रीष्म, कोणी शरद, कोणी शिशिर. आमच्याकडे ऋतू तीन: उन्हाळा, कडक उन्हाळा, आणि पावसाची वाट पाहण्याचा. माझी गणना शरदात झाली. मी काही बोललो नाही. परभणीतला ऑक्टोबर त्या बाईंनी पाहिला नसणार.

मग तिची नजर माझ्या शर्टावर गेली. शर्टावर उभ्या रेघा होत्या. माझ्या सगळ्याच शर्टांवर आहेत. ऐन तिशीत पोट सुटू लागलं तेव्हा एका अनुभवी शिंप्यानं सल्ला दिला, उभ्या रेघा घाला, माणूस सडपातळ दिसतो. तेव्हापासून चाळीस वर्षं मी एखाद्या वहीच्या पानासारखा वावरतो आहे. मुक्तानं हसत सांगितलं, की जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १८६७ सालीच दाखवून ठेवलंय, चौकोनात आडव्या रेघा काढल्या तर तो उंच भासतो आणि उभ्या काढल्या तर रुंद. म्हणजे परभणीच्या शिंप्याला आणि मला ही बातमी पोचायला दीडशे वर्षं लागली. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही अभिमानानं म्हणतो खरं, पण दोघांत पत्रव्यवहार नसावा.

"पण शोभणं म्हणजे नेमकं काय गं?" मी विचारलं. हरलेला माणूस वाद तत्त्वावर नेतो.

मुक्तानं थोडा विचार केला. "आधी कपडा दिसला तर चुकलं. आधी माणूस दिसला तर शोभलं."

उत्तर चांगलं होतं. माझ्यावर पुरेसं झालं म्हणून मी उठणार, तोच कोपऱ्यातून आवाज आला, "माझं बघ की गं."

आत्या वाती वळत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. सगळे हसले. आत्याही हसली. मुक्तानं आरसा उचलला आणि तिच्यापुढं नेऊन ठेवला.

आत्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९६६ साली, पंचविसाव्या वर्षी, ती कपाळ पुसून माहेरी पेडगावला आली. भाऊ नोकऱ्यांसाठी एकेक करून गाव सोडून गेले. शेत तिनं राखलं. डोक्यावरचा पदर ढळू न देता मानवतच्या बाजारात कापसाच्या भावासाठी अडत्याशी हुज्जत घालणारी बाई म्हणून तिला तालुका ओळखायचा. कापूस चिमटीत धरून, ओढून, धागा किती लांब पडेल ते ती सांगते. अशी ही बाई, देवक वाड्यातच बसलं पाहिजे म्हणून हट्ट धरणारी, आणि दुसऱ्या दिवशी देवक बसताना मात्र कोणी न सांगता उठून माजघरात गेलेली. तिच्या आधीच्या पिढीतल्या आमच्या एका चुलत आजीला केस काढून लाल आलवणात राहिलेलं मी पाहिलं आहे. आत्याच्या वेळेपर्यंत सुधारणा झाली होती. केस राहिले. रंग गेले.

मुक्तानं तिच्या गळ्याशी एकेक तुकडा धरला. राखी धरला, अंगावर राखी लुगडंच होतं, त्यामुळे फरक पडला नाही. बदामी धरला, फिक्का निळा धरला. म्हातारीचा चेहरा होता तसाच, भिंतीतल्या कोनाड्यासारखा. मग तिनं सहज मोरपंखी तुकडा लावला.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दिवा लागल्यासारखं झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. एवढंच, की आत्याचे डोळे घारे आहेत हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. आधी माणूस दिसला. ओसरीवर एकदम कोणी बोलेना. मुक्ता पुण्यात वाढलेली, तिला या शांततेचा अर्थ कुठून कळणार? ती आनंदानं म्हणाली, "आजी, किती शोभतो हा रंग तुम्हांला!"

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली. "म्हणून तर काढून घेतला." आणि तिनं वातीचा कापूस पुन्हा हातात घेतला.

लग्न झालं, पाहुणे पांगले, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या भाषेत शोभणं हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. शोभा म्हणजे सौंदर्य. पण 'चारचौघांत शोभा झाली' म्हणजे अब्रू गेली. शोभेची दारू उडवतात, शोभेची वस्तू कपाटात ठेवतात आणि तिला हात लावला तर मुलांना धपाटा घालतात. 'हे तुला शोभतं का?' हा प्रश्न मला लहानपणापासून किमान हजार वेळा विचारला गेला असेल. त्यांतला एकही माझ्या वर्णाविषयी किंवा खांद्यांच्या रुंदीविषयी नव्हता. झाडावर चढलो, शिट्टी वाजवली, मोठ्यांदा हसलो, गड्याच्या भाकरीतला तुकडा खाल्ला, की हा प्रश्न यायचा. त्याचा अर्थ एवढाच, की तू जिथं उभा आहेस त्या पायरीवरून हललास. जे शोभत नाही ते वाईट दिसतं म्हणून नव्हे. पुष्कळदा ते फार चांगलं दिसतं, हाच त्याचा गुन्हा असतो. आत्याला हे पंचविसाव्या वर्षी समजलं होतं. मला समजायला पुण्याहून कापडाचे तुकडे यावे लागले.

पण समजलं म्हणताना जीभ अडखळते. कारण एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९७४ साली कॉलेजात असताना मी वक्तृत्वस्पर्धेत भाग घेतला होता. विषय आगरकरांचा. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' असा निबंध लिहिणारा हा माणूस, कपड्यासारख्या क्षुल्लक गोष्टीत शिरून रूढीची मुळं कशी उपटत होता, यावर मी असा काही गरजलो की परीक्षकांनी टेबलावर हात आपटले. दोन कानांचा कप मिळाला. तो अजून घरात आहे. त्यात सुटी नाणी ठेवतो. पुढं तीन वर्षांनी, १९७७ साली, बँकेचा पहिला पगार झाला. वडील नव्हते. भाऊबीजेला आत्याला ओवाळणी कोण घालणार, म्हणून मी परभणीच्या दुकानात साडी घ्यायला गेलो. दुकानदारानं पहिल्याच झटक्याला एक साडी उलगडून गादीवर फेकली. मोरपंखी. गर्भात निळी, उजेडात हिरवी, बारीक जरीकाठ. माझा हात तिच्यावर गेला आणि तिथंच थांबला. मला आत्याच आठवली. तिच्या लग्नातला तो रंग होता की काय कोण जाणे, मी तेव्हा लहान होतो. दुकानदार म्हणाला, "बांधू का?"

मी म्हणालो, "नको. आत्यासाठी आहे. त्यांना नाही शोभायची. राखी रंगातलं काही दाखवा."

कोणी मला धमकावलं नव्हतं. घरात वडीलधारं माणूस उरलं नव्हतं. दुकानात ओळखीचं कोणी नव्हतं. आगरकर बोलून कप आणणारा मी, माझ्याच पैशानं, माझ्याच तोंडानं ते वाक्य बोललो. आत्यानं साडी हातात घेतली, पोत पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. मळखाऊ आहे."

मळखाऊ. केवढा समजूतदार शब्द आहे! सगळं पोटात घेणारा. मी त्या शब्दावर खूश झालो आणि पुढची कित्येक वर्षं दर दिवाळीला मळखाऊच साड्या नेत राहिलो. बायकोनं एकदा विचारलं, कधी तरी वेगळा रंग नेऊ या का, तर मी शहाणपणानं सांगितलं, "आत्याला साधंच आवडतं."

आता इथं मला मुक्ताच्या शास्त्राची अडचण होते. तिची रीत अशी: प्रथम तुमचं कपाट उघडायचं. जे कपडे तुम्ही पुन्हा पुन्हा घालता ते बाजूला काढायचे. त्यांत जे समान असेल ती तुमची शैली. मग त्या शैलीत न बसणारं सगळं काढून टाकायचं. ऐकायला हे फार सरळ आहे. पण आत्याच्या ट्रंकेत या रीतीनं पाहिलं तर काय दिसेल? सहा लुगडी-साड्या, सगळ्या राखी, करड्या, मातकट. साठेक वर्षं तिनं रोज सकाळी आपल्या हातांनी नेसलेल्या. म्हणजे राखी ही तिची शैली झाली! लादलेला कपडा माणसानं पुरेशी वर्षं घातला, की लोक त्यालाच त्याचा स्वभाव म्हणू लागतात. आणि ते म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढं मी होतो.

त्या दुसऱ्या पेडगावात, म्हणीतल्या, १६८९ साली संभाजीराजांना कैद करून आणलं तेव्हा त्यांच्या अंगावर विदूषकाचा वेश चढवला होता, आणि उंटावरून धिंड काढली होती. हसण्यासाठी केलेला तो बेत. पण आज सव्वातीनशे वर्षांनंतर त्या प्रसंगात हसू येईल असं कोणाला काही दिसत नाही. वेश आणि माणूस यांची सांगड तिथं बसलीच नाही. चढवलेला कपडा उघड दिसत होता. आत्याच्या बाबतीत उंट नव्हता, सैनिक नव्हते, नगारे नव्हते. भाऊबीजेचं ताट होतं. म्हणून तो कोणाला दिसला नाही.

उलट बाजूही आहे. जोतीराव फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, जरीच्या पागोट्यांच्या मधोमध. गांधीजींनी १९२१ साली मदुरेला सदरा उतरवला आणि पंचा जवळ केला. डॉक्टर आंबेडकर सूट घालत राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं, की जुन्या खुणेची लुगडं नेसायची पद्धत आणि ते जड दागिने सोडा, आणि बायकांनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली. लुगडं तेच. दोन वीत खाली आलं एवढंच. एका बॅरिस्टरनं कपडे उतरवले, दुसऱ्यानं चढवले, आणि दोघांबद्दलही त्या काळी 'हे यांना शोभतं का' असं विचारणारे होतेच. ज्याला कपडे नाकारलेले असतात त्यानं ते घालणं, आणि ज्याला मुबलक असतात त्यानं ते टाकणं, या दोन्ही गोष्टी एकाच दुकानात मिळत नाहीत. माझं वजन, विचाराल तर, महाडच्या बायकांच्या पारड्यात पडतं. त्यागाचं कौतुक करायला कपाट आधी भरलेलं लागतं.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पाठोपाठ सरकारनंही इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली होती. "बरं केलं," ती म्हणाली, आणि मानवतला कापसाचा भाव काय निघाला ते विचारलं. मी तेव्हा पेपर घडी करून ठेवला. तिला एखादा प्रश्न विचारावा, हे सुचलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरानं मी मुद्दाम पेडगावला गेलो. रात्री अंगणात बाजा टाकल्या होत्या. वीज गेलेली. अंधारात काही गोष्टी बोलायला सोप्या जातात. मी १९७७ सालची दुकानातली गोष्ट सांगून टाकली. सांगताना मध्ये दोनदा पाणी प्यायलो.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काठ कसा होता?"

"जरीचा. बारीक."

"किती म्हणाला होता?"

"किंमत नाही विचारली."

"हात्तिच्या. भाव तरी काढायचास." आणि थोड्या वेळानं, "माझं वय छत्तीस होतं तेव्हा."

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्हीची मी मनात तयारी करून आलो होतो. या हिशेबाची केली नव्हती. छत्तीस वजा केले की काय उरतं ते माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला तोंडी करता येतं. मी ते केलं, आणि गप्प बसलो.

शेवटी मी म्हटलं, "आत्या, आता आणू का?"

"आण की."

"लोक काय म्हणतील?" हेही मीच विचारलं. सवय जात नाही.

"म्हणतील म्हातारीला वेड लागलं. म्हणू दे. गावाचं नाव काय आहे?"

दुसऱ्याच आठवड्यात परभणीच्या दुकानात गेलो. जुनं दुकान आता नाही; हे नवं, काचेचं, गारेगार. पोरसवदा विक्रेता.

"कोणासाठी काका? काकूंसाठी?"

"आत्यासाठी."

"वय काय असेल?"

"चौऱ्याऐंशी."

त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. हात सवयीनं खालच्या फळीवर गेला आणि राखी, करड्या, बदामी साड्यांचा गठ्ठा माझ्यापुढं आला. "ह्या बघा. मळखाऊ आहेत."

"मोरपंखी दाखवा," मी म्हणालो.

तो थांबला. मला नीट न्याहाळलं. चेहरा, मग उभ्या रेघांचा शर्ट. "कुठले तुम्ही?"

"पेडगावचा."

"असं असं," तो म्हणाला आणि वरच्या फळीवरून साड्या काढू लागला. गावाच्या नावाचा मला उपयोग झाला असा हा आयुष्यातला दुसरा प्रसंग.

साडी घेऊन पेडगावला पोचलो तेव्हा आत्या पायरीवर बसली होती. मी पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. भाषण तयार होतं. कप मिळवलेला माणूस मी. तिनं साडी बाहेर काढली, पदराचं टोक चिमटीत धरून चुरलं, कापूस किती आहे ते बोटांनी पाहिलं, आणि उजेडाकडे धरली. एकदा. मग पुन्हा.

"बाळू, हा मोरपंखी नव्हे. पोपटी आहे."

"दुकानात तर—"

"दुकानात दिव्याखाली बघितलास ना? दिव्याखाली रंग बघतात काय? दाराशी न्यायचं. उन्हात धरायचं. एवढं शिकलास कुठं?" तिनं साडी मूळच्या घडीवर अगदी तंतोतंत घडी घातली, टाचणीसुद्धा होती तिथंच टोचली. "पोपटी मला कधीच आवडला नाही. पावती ठेवलीस का?"

पावती शर्टाच्या खिशात होती.

"मग परत कर. आणि काठ जरा रुंद बघ. मी काय लहान आहे आता बारीक काठ नेसायला?"

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं मी पुन्हा परभणीला निघालो, पिशवी मांडीवर घेऊन, घडी मोडू न देता.